लेन्स दुरुस्त न करणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडं लिहिते आहे. हौसेने कॅमेरा घेऊन डोंगरात फिरणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत, आणि सगळेच तुमच्या दुकानाची पायरी चढतील असं नाही.

भाद्रपदात मी तुमच्याकडे आले ते कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स घेऊन. "बिघडली आहे, डोंगर शार्प येत नाहीत. दुरुस्त होत नसेल तर विकते आणि १०-१८ ची वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणारी लेन्स घेते," असं मी म्हणाले. तिचे पैसेही साठवून झाले होते. तुम्ही स्क्रू ड्रायव्हरला हातसुद्धा लावला नाहीत. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवलंत, कॅमेरा ट्रायपॉडवर त्याच्या अगदी समोर सरळ लावलात आणि फोटो काढून चारही कोपरे मोठे करून दाखवलेत. आतलं एखादं भिंग सरकलेलं असेल तर एक बाजू दुसरीपेक्षा जास्त पुसट दिसते. इथे चारही कोपऱ्यांतली अक्षरं सारखीच होती. "लेन्स ठणठणीत आहे. आता सांग, डोंगर कितीवर काढतेस?"

एफ/२२ वर, मी सांगितलं. एफचा आकडा जितका मोठा तितकं लेन्समधलं छिद्र बारीक, आणि छिद्र जितकं बारीक तितकं सगळं फोकसमध्ये, असं मी कुठेतरी ऐकलं होतं आणि तीन वर्षं तेच करत होते. तुम्ही मला दाराबाहेर उभं केलंत आणि समोरच्या गुलमोहराचे फोटो एफ/५.६, ८, ११, १६, २२ असे ओळीने काढायला लावलेत. ८ वर पानापान वेगळं होतं, २२ वर हिरवा लगदा. छिद्र फार बारीक झालं की प्रकाश त्याच्या कडेवरून वाकून पसरतो आणि बारीक तपशील एकमेकांत मिसळतात, हे तुम्ही समजावलंत. पण मला पटलं ते त्या पानांमुळे. तीन वर्षांचे डोंगर असे गेले, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं. तुम्ही मात्र एक शब्दानेही मला कमी लेखलं नाहीत.

मग फोकस. माझ्या कॅमेऱ्यावर १८ मिलिमीटर आणि एफ/८ असताना सुमारे दोन मीटरवर फोकस धरला, तर एका मीटरवरच्या कारवीपासून क्षितिजापर्यंत सगळं नीट येतं. मी प्रत्येक वेळी फोकस सर्वात लांबच्या शिखरावर धरत होते, म्हणून पुढची झाडी मऊ पडायची.

पण खरे आभार पुढच्या अर्ध्या तासाचे आहेत. तुम्ही म्हणालात, "तुला आवडलेले फोटो दाखव." चाळीसेक होते. प्रत्येकाखालचा फोकल लेन्थचा आकडा (तो जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) तुम्ही मला मोठ्याने वाचायला लावलात. ५५, ५५, ४८, ५५. १८ वर काढलेले जेमतेम सहा. "अगं, तुला रुंद कुठे हवंय? तुला जवळ जायचंय." वाइड लेन्समध्ये पायाजवळचा दगड मोठा होतो आणि समोरचा कडा टेकडीएवढा उरतो. कासची फुलं जवळून घ्यायची असतील, सांदण दरीच्या भिंती एका चौकटीत बसवायच्या असतील, तर ती हवीच. मला मात्र एकामागे एक उभ्या असलेल्या डोंगररांगा आवडतात, आणि हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

तुम्ही सुचवलीत ५५-२५०, लांबचं जवळ आणणारी लेन्स. ३७५ ग्रॅमची, म्हणजे चढताना खांद्याला जाणवणारही नाही. फिल्टरची रिंग माझ्या १८-५५ सारखीच ५८ मिलिमीटरची, त्यामुळे चकाकी कमी करणारा पोलरायझर फिल्टर एकच पुरेल. तुमच्याकडे विकायला ती नव्हती. तुम्ही कपाटातून स्वतःची काढलीत आणि म्हणालात, "ही वापरून बघ, मग पैसे खर्च कर." डब्यात सिलिका जेलच्या नव्या पुड्याही टाकल्यात, बुरशी लागू नये म्हणून.

ऑक्टोबरात बारी गावातून अंधारातच निघून कळसूबाई चढले. पाऊस संपून हवा धुतल्यासारखी स्वच्छ झाली होती. सूर्य पाठीमागून वर आला आणि पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले उजळले. वारा प्रचंड होता. तुम्ही सांगितल्याप्रमाणे ट्रायपॉडचा मधला दांडा वर न काढता देवळाच्या आडोशाला बसले, हाताचा कंप सावरणारं लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद केलं, स्क्रीनवर दहापट मोठं करून हाताने फोकस लावला, दोन सेकंदांचा टायमर ठेवला. एफ/८. दहा वाजता तिथूनच, तसाच आणखी एक काढला, तर तो पुसट आला. एरवी मी पुन्हा लेन्सला दोष दिला असता. आता कळलं की तापलेली हवा आणि धुरकट दरी यांच्यावर कुठलंच भिंग चालत नाही. कॅमेरा पिशवीत ठेवला आणि नुसती बघत बसले.

सकाळचा फोटो १२ बाय १८ इंचांत छापून घेतला आहे. कुलंगच्या कातळातले थर त्यात मोजता येतात. मी अकरा मोजले, तुम्हाला कदाचित जास्त दिसतील.

शनिवारी तुमची लेन्स परत घेऊन येते. माझी मी जुन्या बाजारातून घेतली आहे, तीही वर्तमानपत्रासमोर तपासूनच. त्या दिवशी तुम्ही एक रुपयाही घेतला नाहीत. प्रिंट मात्र घ्यावीच लागेल. भिंतीवर ते पान चिकटवलं होतंत ना, तिथे ती बरोबर बसेल.

तुमची,
नाशिकची एक गिऱ्हाईक