ग्रीनलंडच्या त्या आलेखात ‘आज’ नाहीच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील हवामानविषयक लेखासोबत ग्रीनलंडच्या गेल्या दहा हजार वर्षांच्या तापमानाचा आलेख छापला आहे. उजव्या टोकाला ‘आज’ असे लिहून, पूर्वीचा बहुतेक काळ आजच्यापेक्षा उबदार होता असा निष्कर्ष काढला आहे. हाच आलेख व्हॉट्सॲपवरही वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यातले आकडे खरे आहेत, ‘आज’ तेवढे चुकीचे आहे.

मूळ मालिका जीआयएसपी-२ या हिमगाभ्याची, म्हणजे बर्फात खोल भोक पाडून काढलेल्या लांब दंडगोलाची. ग्रीनलंडच्या माथ्यावर ३,०५३ मीटर खोल जाऊन तो १९९३ मध्ये पूर्ण झाला. आकड्यांच्या फाइलची पहिलीच ओळ पाहा: वय ०.०९५१ हजार वर्षे, तापमान उणे ३१.६ अंश सेल्सिअस. म्हणजे ९५ वर्षांपूर्वी. पण कधीपासून मोजून? या शास्त्रात ‘वर्तमान’ म्हणजे १९५० साल, हा कार्बन-१४ कालमापनातून आलेला रिवाज. १९५० मधून ९५ गेले की उरते १८५५. विसावे शतक या आलेखात मुळी आलेलेच नाही. त्याच माथ्यावरची २००१ ते २०१० या दशकाची सरासरी उणे २९.९ अंशांच्या आसपास आहे. आलेखातले गेल्या काही हजार वर्षांचे चढउतारच दोन-तीन अंशांचे असताना हा दीड अंशाहून मोठा फरक गाळून चालत नाही. सात-आठ हजार वर्षांपूर्वी उत्तरेत उन्हाळ्याचे ऊन अधिक तीव्र होते आणि ग्रीनलंड उबदार होता, यावर वाद नाही. पण तो एका ठिकाणचा हिशेब आहे, पृथ्वीचा नव्हे.

आता ते ‘उणे ३१.६’ कुठून आले, तेही सांगायला हवे. बर्फात थर्मामीटर नसतो. मोजले जाते ते ऑक्सिजन-१८ या जड समस्थानिकाचे, म्हणजे ऑक्सिजनच्याच अधिक वजनाच्या अणूचे, प्रमाण. बाष्प ध्रुवाकडे जाताना थंड होत जाते, जड रेणू वाटेतच पावसात-हिमात गळतात; म्हणून जितकी थंडी जास्त तितके हिम ‘हलके’. विली डान्सगार्ड यांनी १९६४ मध्ये आजच्या हिमावरून नाते मांडले: तापमान एका अंशाने बदलले की ऑक्सिजन-१८ चे प्रमाण साधारण ०.७ दर हजारी बदलते. हेच गुणोत्तर हिमयुगाला लावले की ग्रीनलंड तेव्हा जेमतेम १०-१२ अंशांनी थंड होता असे उत्तर येते.

ते उत्तर चुकीचे ठरले ते बोअरमुळे, म्हणजे गाभा काढल्यावर उरलेल्या भोकामुळे. गाभा काढून झाल्यावर भोक मिटू नये म्हणून त्यात द्रव भरलेला असतो. खोदाईची उष्णता विरेपर्यंत थांबायचे आणि मग तापमापक खाली सोडून अंशाच्या काही हजारांशापर्यंत वाचन घ्यायचे. तीन किलोमीटर बर्फातून उष्णता इतकी सावकाश झिरपते की मधल्या थरांत हिमयुगाची थंडी अजून मुरलेली आहे. तिच्यावरून हिशेब मांडला तर घट वीस अंशांहून अधिक निघते. मात्र बोअर झटपट बदल पुसून टाकतो. त्यासाठी बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांतल्या नायट्रोजन-१५ या जड नायट्रोजनचा आधार घेतात: पृष्ठभाग अचानक तापला की वरच्या सच्छिद्र हिमाच्या साठ-सत्तर मीटरच्या थरात जड नायट्रोजन थंड टोकाकडे सरकतो आणि तिथेच कोंडला जातो. सुमारे ११,६०० वर्षांपूर्वी काही दशकांतच झालेली दहाएक अंशांची उडी अशीच मोजली गेली. इथे एक खाचखळगा आहे: बुडबुड्यातली हवा भोवतीच्या बर्फापेक्षा तरुण असते, ग्रीनलंडमध्ये काही शतकांनी, अंटार्क्टिकाच्या पठारावर काही हजार वर्षांनी. हा फरक चुकला की हवेतला बदल आधी की तापमानातला हे उलटे दिसते, आणि कारण व परिणाम यांची अदलाबदल होते.

समस्थानिक मग फसले का? याचे उत्तर हवामान मॉडेलांनी दिले. ज्या मॉडेलांत बाष्पासोबत त्याचे समस्थानिकही वाहतात, त्यांत हिमयुगाची स्थिती घातली (विस्तृत हिमस्तर, हवेच्या दर दहा लाख भागांत १९० च्या आसपास कार्बन डायऑक्साइड) की ग्रीनलंडवर हिवाळ्यातले हिम फारच कमी पडते. हिम पडलेच नाही तर त्या थंडीची नोंद कोण ठेवणार? गाभ्यात उरते ती मुख्यतः उन्हाळ्याची साक्ष. म्हणून मॉडेलची तुलना गाभ्यातल्या समस्थानिकांशीच थेट करावी, त्यावरून काढलेल्या तापमानाशी नव्हे. गुणोत्तर मॉडेलमधून घ्यायचे आणि त्याच गुणोत्तराने काढलेल्या तापमानावर मॉडेल ‘पास’ करायचे, हा प्रकार आपणच पेपर काढून आपणच तपासण्यासारखा आहे.

मॉडेलही निर्दोष नाहीत. हिमस्तराची उंची शंभर मीटरने चुकली तरी पृष्ठभागाचे तापमान अर्ध्या ते एक अंशाने हलते. पूर्व अंटार्क्टिकात हिमयुगातली घट समस्थानिकांवरून नऊ अंशांच्या घरात धरली जाई. २०२१ मध्ये बोअरची तापमाने आणि सच्छिद्र हिमाची जाडी यांवरून ती ४ ते ७ अंश निघाली. पश्चिम अंटार्क्टिकात मात्र दहा अंशांच्या आसपासच राहिली. याचा धागा पुन्हा हिमस्तराच्या उंचीतल्या बदलाकडेच जातो.

आलेख पुन्हा छापणार असाल तर अक्षावर शेवटच्या बिंदूचे साल १८५५ असे लिहावे, गाभ्याचे नाव आणि तापमान काढण्याची पद्धत खाली द्यावी, आणि २००१-२०१० चा बिंदू वेगळ्या रंगात दाखवावा. मोजण्याची पद्धत वेगळी असल्यामुळे तो रेषेला मात्र जोडू नये.

आपला,
प्राचीन हवामानाचा एक अभ्यासक