पालकांना दर शनिवारी चार ओळी लिहून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्राथमिक शाळेत जाणारे आपले मूल नक्की काय शिकते आहे, हे पालकांना वर्षातून दोनदाच लेखी कळते. एकदा प्रथम सत्र संपल्यावर आणि दुसऱ्यांदा १ मे रोजी निकालाच्या दिवशी. प्रगतिपत्रकावर ‘विशेष प्रगती’, ‘आवड, छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ असे रकाने असतात आणि त्यांत ‘कविता तालासुरात म्हणते’, ‘चित्रे रंगवायला आवडतात’, ‘गणितात सरावाची गरज’ अशी वाक्ये येतात. ती खरी असतात, शिक्षकांनी मन लावून लिहिलेलीही असतात. पण गणितात म्हणजे नेमके कशात, सराव म्हणजे कोणता, आणि ही गरज ऑगस्टपासून होती की फेब्रुवारीत दिसू लागली, याचा उलगडा त्यातून होत नाही, आणि झाला तरी तोवर वर्ष हातातून गेलेले असते. म्हणून राज्यातील प्रत्येक प्राथमिक शाळेने, निदान पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी, त्या आठवड्यात वर्गात काय शिकवले आणि कसे शिकवले याची चार ओळींची माहिती दर शनिवारी पालकांना द्यावी, अशी मागणी मी या पत्राद्वारे करीत आहे. माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकते आणि मी तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे, त्यामुळे ही गरज मला दोन्ही बाजूंनी दिसते.

आता प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सॲप गट असतो, मग ही वेगळी माहिती कशाला, असा प्रश्न कोणी विचारेल. या गटावर येते काय, ते पाहावे. जयंती-पुण्यतिथीचे फोटो येतात, वृक्षारोपणाचे फोटो येतात, आधार कार्डाची प्रत उद्यापर्यंत जमा करा अशी सूचना येते, आणि ‘पान क्र. ३४ वरील स्वाध्याय वहीत पूर्ण करणे’ एवढा गृहपाठ येतो. यातले काहीच अनावश्यक नाही. मात्र त्या पानावरचे उदाहरण वर्गात कोणत्या पद्धतीने सोडवले, ते न समजताच आई किंवा आजोबा मुलाजवळ बसतात, आणि खरी अडचण तिथून सुरू होते.

दुसरी-तिसरीतली वजाबाकी घ्या. बावन्नातून सत्तावीस वजा करायचे आहेत. हल्ली वर्गात दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन हे शिकवतात. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवायच्या, दोनातून सात जात नाहीत म्हणून एक गठ्ठा सोडायचा, मग बारा सुट्यांतून सात काढल्या की पाच उरतात आणि चार गठ्ठ्यांतून दोन काढले की दोन उरतात. घरी आजोबा मात्र त्यांच्या काळच्या रीतीने शिकवतात: ‘बारातून सात गेले पाच, हातचा एक, दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन.’ उत्तर दोन्हीकडे पंचवीसच येते आणि दोन्ही रीती बरोबरच आहेत. पण सात वर्षांच्या मुलीला वर्गात वरच्या पाचाचे चार झालेले दिसतात आणि घरी खालच्या दोनाचे तीन होतात, त्यामुळे ती गोंधळते. मग वर चारही करते, खाली तीनही करते, आणि उत्तर पंधरा काढते. वही तपासताना शिक्षकांना ते मूल कच्चे वाटते आणि घरच्यांना शाळाच नीट शिकवत नाही असे वाटते. ‘या आठवड्यात आपण गठ्ठा सोडून वजाबाकी करायला सुरुवात केली. घरी बावन्न शेंगदाण्यांतून सत्तावीस काढायला सांगा, दहा-दहाचे ढीग तिला स्वतःला करू द्या आणि ती काय करते ते फक्त बघा. हातच्याची मांडणी आपण पुढच्या आठवड्यात वहीत घेऊ.’ एवढा मजकूर शनिवारी घरी पोहोचला असता तर हा घोळ झालाच नसता.

हीच गोष्ट २०१९ साली साऱ्या महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर पाहिली. दुसरीच्या गणिताच्या नव्या पाठ्यपुस्तकात ‘बासष्ट’बरोबर ‘साठ दोन’ असेही संख्यावाचन दिले होते. मराठीत एकक आधी आणि दशक नंतर उच्चारला जातो, लिहिताना मात्र दशक आधी येतो, आणि लहान मुले इथेच अडखळतात. त्यासाठी केलेली ती सोय होती. पाठ्यपुस्तकाच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण वारंवार समजावून सांगितले. परंतु बहुसंख्य पालकांना हा बदल वर्गशिक्षकांकडून समजण्याआधी वृत्तवाहिन्यांवरच्या वादातून समजला, आणि कारण कानावर येण्याआधी त्यांची मते बनून गेली होती. बदल योग्य होता की नव्हता, हा वेगळा विषय आहे. मुलाच्या वर्गात काय चालले आहे हे आईवडिलांना आधी वर्गातून कळावे, एवढेच मला यातून सांगायचे आहे.

वाचनाचेही तसेच. पहिलीत आता सगळी मुळाक्षरे क्रमाने घोकून घेत नाहीत. थोड्या अक्षरांचा एक गट आणि एखाददुसरी मात्रा शिकवून त्यांतून लगेच शब्द वाचायला देतात. घरी मात्र क, ख, ग, घ पासून संपूर्ण बाराखडीची उजळणी चालू असते. या आठवड्यात कोणता अक्षरगट झाला हे समजले, तर दुकानाच्या पाटीवर किंवा एस. टी. च्या फलकावर ती अक्षरे शोधायला लावणे कोणत्याही आईला, फारसे शिक्षण नसले तरी, जमण्यासारखे आहे. शासनानेही हे मानलेले आहे. शाळा पूर्वतयारी अभियानात पहिलीत येणाऱ्या मुलांच्या आयांचे गट गावोगावी केले गेले आणि घरी घ्यायच्या कृतींची कार्डे त्यांच्या हाती दिली गेली. ज्या आईवर उन्हाळ्यात इतका विश्वास टाकला, तिला जूननंतर काहीच का सांगू नये?

कायद्याचे म्हणाल, तर बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ यातील कलम २४ शिक्षकांची कर्तव्ये सांगते. पालकांच्या नियमित बैठका घेणे आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व शिकण्यातील प्रगती यांची माहिती त्यांना देणे, हे त्यातील एक कर्तव्य आहे. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. तरीही समितीच्या बैठकीत चर्चा होते ती स्वच्छतागृहाची, गळक्या छपराची, पोषण आहाराच्या तांदळाची आणि संरक्षक भिंतीची. ही कामे महत्त्वाचीच आहेत. पण तिसरीच्या मुलांना भागाकार कुठवर येतो, असे एखाद्या सदस्याला विचारावेसे वाटले तरी विचारायला आधार म्हणून हातात काहीच नसते. आठवड्याच्या या नोंदी बैठकीत समोर असतील तर चर्चेचा विषय आपोआप शिकण्याकडे वळेल. ‘निपुण भारत’ अभियानात तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित करता यावे, यासाठी २०२६-२७ ची मुदत ठेवली गेली. अशी मुदत पाळायची तर सहा महिन्यांनी मिळणारी माहिती पुरी पडणारी नाही.

शिक्षकांची बाजू मी मुद्दाम सविस्तर मांडते, कारण त्यांना वगळून हे काम होणार नाही. साठपर्यंत पट असलेल्या शाळेला कायद्याने दोन शिक्षक मिळतात, म्हणजे एकेका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग येतात. त्यात यू-डायसवर (शाळांच्या ऑनलाइन नोंदप्रणालीवर) भरायची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, उपक्रमांचे फोटो अपलोड करणे, मतदार याद्यांचे काम आणि वरून येणाऱ्या चाचण्यांचे गुण भरणे, हे सगळे असतेच. अशा शिक्षकांना आणखी एक अहवाल मागणे अन्यायाचे होईल. म्हणूनच ही नोंद फक्त पालकांसाठी असावी. तिची लिंक नको, तक्ता नको, केंद्रशाळेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या मुख्य शाळेत, सादर करायची प्रत नको. प्रत्येक शिक्षक रोजचे टाचण, म्हणजे काय शिकवायचे याची टिपणे, काढतोच. आठवडाभराच्या टाचणातून चार ओळी वेगळ्या काढून त्या पालकांना समजतील अशा शब्दांत लिहिणे, हे पाव तासाचे काम आहे. ‘अध्ययन निष्पत्ती’, ‘आकारिक मूल्यमापन’, ‘क्षमता’ हे शब्द प्रशिक्षणात ठीक आहेत. आईला ‘मुले आता दोन अंकी बेरीज मनातल्या मनात करतात’ असे वाक्य लागते. या पाव तासाच्या बदल्यात जिल्हा परिषदांच्या शिक्षण विभागांनी सध्याचा एखादा ऑनलाइन अहवाल बंद करावा, अशीही माझी स्पष्ट मागणी आहे. शनिवारचा दिवस मी सुचवला तो यासाठी की ‘आनंददायी शनिवार’ या शासनाच्या उपक्रमामुळे त्या दिवशी पाठ्यपुस्तकाचा भार कमी असतो आणि पुढे रविवारी घरी मुलाजवळ बसायला थोडी सवड मिळते.

माहिती पोहोचवायची कशी, हा प्रश्न गावागावात निराळा असेल. फोन वडिलांकडे असतो आणि वडील कामावर असतात, त्यामुळे केवळ व्हॉट्सॲपवर विसंबून चालणार नाही. दुसरी-तिसरीपासून पुढची मुले या चार ओळी फळ्यावरून स्वतःच्या वहीत उतरवून घेऊ शकतात आणि घरी मोठ्याने वाचून दाखवू शकतात. तेवढेच वाचन-लेखनही होते, आणि ज्या घरात कोणाला वाचता येत नाही तिथेही मजकूर पोहोचतो. पहिलीसाठी शाळेच्या दर्शनी फलकावर कागद लावावा. ऊसतोडणीसाठी दिवाळीच्या सुमारास ज्या घरांतून आईवडील कारखान्यांकडे जातात आणि मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, तिथे मात्र फोन हेच मोठे साधन आहे. फडावर असलेल्या आईला मुलाने या आठवड्यात काय शिकले ते समजले, तर रात्रीच्या दोन मिनिटांच्या फोनवर ‘जेवलास का’ याच्या पुढे विचारायला काहीतरी असेल. मूल आईवडिलांबरोबर गेलेच, तर स्थलांतरित मुलांना दिल्या जाणाऱ्या शिक्षण हमी कार्डासोबत या नोंदीही द्याव्यात, म्हणजे नव्या शाळेतील शिक्षकांना त्याच्यापुढे पुस्तकाचे नेमके कोणते पान उघडायचे ते कळेल.

एका बाबतीत मात्र काटेकोर राहावे लागेल. आठवड्याची नोंद संपूर्ण वर्गाची असावी, एकेका मुलाची नव्हे. कोणाला किती गुण पडले, कोण मागे आहे, कोणाची वही अपुरी आहे, हे गटावर नावानिशी टाकण्याची पद्धत काही ठिकाणी पडली आहे आणि ती ताबडतोब थांबायला हवी. आठ वर्षांच्या मुलाचे ‘पाढे पाठ नाहीत’ हे वाडीतल्या प्रत्येक फोनवर जाण्याचे काहीच कारण नाही; दुसऱ्या दिवशी शेजारचे मूल त्याला त्याच शब्दांनी चिडवते आणि ते शाळेत यायला कचरू लागते. ज्या मुलाला खरोखर मदत हवी आहे त्याच्या पालकांना शिक्षकांनी एकट्याला बोलावून सांगावे. पालकांनीही गटावर ‘आमच्या मुलाला हे येते, तुमच्याला का येत नाही’ अशी तुलना करू नये, आणि शनिवारच्या नोंदीखाली पन्नास नमस्काराची चिन्हे टाकण्यापेक्षा, एखादी गोष्ट समजली नसेल तर ती नीट विचारावी.

शिक्षणाधिकाऱ्यांनी यासाठी राज्यस्तरावरून शासन निर्णय येण्याची वाट पाहू नये. केंद्रशाळेच्या पातळीवर होणाऱ्या शिक्षकांच्या मासिक शिक्षण परिषदेत दोन-चार वर्गांच्या नोंदी वाचून दाखवल्या, त्यांची भाषा सोपी कशी करावी यावर अर्धा तास बोलणे झाले, आणि येत्या जूनपासून पहिली-दुसरीच्या वर्गांत सुरुवात झाली, तरी पुरेसे आहे. आमच्या समितीच्या पुढील बैठकीत हा ठराव मी मांडणार आहे. इतर गावांतील पालक-सदस्यांनीही आपापल्या शाळेत तो मांडावा, आणि ज्या शाळांत असे काही आधीच चालू असेल तेथील शिक्षकांनी आपले अनुभव याच सदरातून लिहावेत, अशी विनंती.

आपली,
एक पालक व शाळा व्यवस्थापन समिती सदस्य,
जि. सातारा