दुकानाची किल्ली मालकाकडे, पण जीएसटीचा पासवर्ड कोणाकडे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपुरातल्या इतवारी, गांधीबाग आणि महाल भागातल्या लहान दुकानांचे हिशेब लिहिण्याचं काम मी करते. किराणा आणि मिरचीचे ठोक व्यापारी, कापडवाले, एक-दोन हार्डवेअरवाले, एक झेरॉक्सचं दुकान. कोणाकडे आठवड्यातून दोनदा जाते, कोणाकडे फक्त रिटर्नच्या तारखा जवळ आल्या की. ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या आपल्या अंकात नेहमी येतात आणि काउंटरवर त्यांची चर्चाही होते. पण या दुकानांमध्ये मला रोज दिसणारा धोका त्या बातम्यांत क्वचितच येतो. तो घरातलाच आहे, म्हणून हे पत्र.

रात्री शटर ओढलं की दुकानाची किल्ली मालकाच्या खिशात जाते, भावाकडेसुद्धा सहज दिली जात नाही. आता त्याच मालकाला विचारा, जीएसटी पोर्टलवर तुमचा कोणता ईमेल नोंदवलाय? ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो? बहुतेक वेळा उत्तर मिळतं, ‘वो सब वकीलसाब के पास है, अपना भरोसे का आदमी है.’ हे ‘वकीलसाब’ म्हणजे दुकानाचे कर सल्लागार. माणूस भरोशाचा असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण भरोशाचा माणूससुद्धा नंबर बदलतो, गाव बदलतो, आजारी पडतो.

हे झालं कसं, तेही सांगते. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला तेव्हा नोंदणीची एकच धावपळ होती. अनेक व्यापाऱ्यांकडे स्वतःचा ईमेल नव्हता. कर सल्लागारांनी काम अडू नये म्हणून स्वतःचाच ईमेल आणि मोबाइल टाकला. त्या वेळी ती सोय होती, पुढे ती बदलायची राहून गेली. माझ्या ओळखीच्या एका मिरची व्यापाऱ्याचे सल्लागार काही वर्षांनी दुसऱ्या शहरात गेले आणि त्यांनी जुना नंबर सोडला. इकडे विभागाची नोटीस त्यांच्या जुन्या ईमेलवर येऊन पडली होती. दुकानात कोणाला पत्ता नाही. नोंदवलेल्या ईमेलवर किंवा पोर्टलवर आलेली नोटीस कायद्याने बजावली गेली असंच धरलं जातं, ‘मला दिसलीच नाही’ हे उत्तर चालत नाही. पासवर्ड बदलायला गेलो तर ओटीपी त्या सोडलेल्या नंबरवर जाणार. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते, म्हणजे आपल्या धंद्याचा ओटीपी कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर वाजण्याचीही शक्यता असते. शेवटी त्या व्यापाऱ्याला ओळखपत्र, धंद्याची कागदपत्रं आणि अर्ज घेऊन आपल्या हद्दीतल्या कर अधिकाऱ्याकडे जावं लागलं. तिथे नवा ईमेल आणि मोबाइल नोंदवून घेतल्यावर खातं पुन्हा हातात आलं.

ज्यांचं लॉगिन अजून चालू आहे त्यांना एवढे हेलपाटे पडत नाहीत. पोर्टलवर नोंदणीतल्या दुरुस्तीचा पर्याय आहे, त्यात अधिकृत व्यक्तीचा ईमेल आणि मोबाइल ओटीपी टाकून बदलता येतो. सल्लागार जवळ बसलेले असताना हे काम उरकता येतं. सल्लागाराने रिटर्न भरत राहावं, ओटीपी मात्र मालकाच्या फोनवर यावा.

हीच गोष्ट मी स्वतःबद्दलही सांगते. नव्या दुकानात काम घेतलं की शेठ मोकळ्या मनाने स्वतःचा युझरनेम-पासवर्ड कागदावर लिहून देतात. मी तो घेत नाही. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मालकासाठी वेगळा आणि नोंदी करणाऱ्यासाठी वेगळा युझर तयार करता येतो. नोंदी करणाऱ्याला किती दिवस मागची तारीख टाकता यावी, तेही ठरवता येतं. ई-वे बिलाच्या, म्हणजे मालवाहतुकीच्या ऑनलाइन बिलाच्या, पोर्टलवर उपयुझर काढता येतात आणि १ एप्रिल २०२५ पासून तिथे सगळ्यांनाच पासवर्डबरोबर ओटीपी लागतो, प्रत्येक युझरचा त्याच्या स्वतःच्या नंबरवर. उद्या मी काम सोडलं तर माझा एक युझर बंद करायचा, बाकी काही हलवावं लागत नाही. एकच पासवर्ड मालक, मुलगा, मी आणि गोडाऊनमधला पोऱ्या असे चौघं वापरत असतील, तर एखादं बिल खोडलं कोणी हे कोणालाच सांगता येत नाही, आणि मग निष्कारण गरीब माणसावर संशय येतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि ते फार वाईट असतं.

आता बॅकअपबद्दल. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत एवढा पाऊस पडला की अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदी फुगली आणि सीताबर्डी, मोरभवनपर्यंत पाणी शिरलं. सखल भागातल्या एका दुकानात पाणी ओसरल्यावर मी गेले होते. सीपीयू काउंटरखाली जमिनीवर ठेवलेला होता. बॅकअपची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. दोन्ही एकाच चिखलात. मालक म्हणत होते, ‘पोर्टलवर तर सगळं आहेच की.’

पोर्टलवर सगळं नसतं, आणि हे प्रत्येक लहान दुकानदाराने नीट समजून घ्यावं. ज्या व्यापाऱ्यांना जीएसटी नंबर टाकून बिलं दिली ती विक्री जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमध्ये बिलागणिक सापडते. खरेदी पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी या खरेदीच्या यादीत दिसते. बँकेतली जमा-नावे स्टेटमेंटवरून लागते. पण किरकोळ गिऱ्हाइकांची विक्री पोर्टलवर एकत्र आकड्यात जाते, तिथे नावं नसतात. म्हणजे कोणाकडे किती उधारी राहिली, हे फक्त दुकानाच्या कॉम्प्युटरमध्येच असतं. त्या दुकानाची दिवाळीआधीची उधारी गिऱ्हाइकांच्या सांगण्यावरून पुन्हा लिहावी लागली. बरेचजण प्रामाणिक निघाले, काही आलेच नाहीत. शिवाय जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या वह्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवणं बंधनकारक आहे. कॉम्प्युटर वाहून गेला म्हणून ते बंधन सुटत नाही.

त्यामुळे माझा आग्रह असतो तो असा. दोन पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क घ्या. एक दुकानात, दुसरी घरी, आणि दर आठवड्याला अदलाबदल. बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा. लावलेलीच राहिली तर कॉम्प्युटरमध्ये शिरलेला खंडणीचा व्हायरस तिच्यातल्या फाइलींनाही कुलूप घालतो. ऑनलाइन ड्राइव्हवर आपोआप कॉपी जात असेल तर उत्तमच, पण एवढ्यावरच विसंबू नका, कारण बिघडलेली फाइलही तितक्याच तत्परतेने वर चढते आणि मग जुनी प्रत शोधून काढावी लागते.

आणि बॅकअप उघडून बघा. हे कोणीच करत नाही. टॅलीत ‘डेटा’ मेनूमध्ये ‘रिस्टोअर’ आहे. आधी एक नवं, रिकामं फोल्डर तयार करायचं आणि बॅकअप त्यात उतरवायचा. चालू फोल्डरवर कधीही नाही, नाहीतर जुना डेटा आजच्या डेटावर बसेल. मग ती ‘कंपनी’ (टॅलीत दुकानाच्या हिशेबाच्या वहीला असं म्हणतात) उघडायची, शेवटचं व्हाउचर कोणत्या तारखेचं आहे ते पाहायचं, रोख शिल्लक आणि दोन-तीन मोठ्या पार्ट्यांची बाकी मूळ डेटाशी ताडून बघायची. गांधीबागेतल्या एका कापडाच्या दुकानात असं करून पाहिलं, तर रोज संध्याकाळी इमानाने घेतला जाणारा बॅकअप मागच्या आर्थिक वर्षाच्या कंपनीचा निघाला. १ एप्रिलला नवी कंपनी उघडली होती, बॅकअपच्या यादीत ती निवडलीच जात नव्हती. मुलगा रोज बटण दाबत होता, हिरवी पट्टी पूर्ण भरत होती, सगळ्यांना वाटत होतं काम चोख चाललंय. सुदैवाने काही गमवायच्या आत हे कळलं.

व्हायरसबद्दल थोडंच लिहिते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीच्या व्हायरसने जगभरातली कॉम्प्युटरं बंद पाडली. तो विंडोजच्या ज्या त्रुटीतून शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी अपडेट घेतलं त्यांना त्या वाटेने काही झालं नाही. विंडोज १० ला मोफत नियमित सुरक्षा अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. बाजारात तेच आजही सर्रास चालू आहे, काही ठिकाणी तर विंडोज ७ सुद्धा. त्यात फुकटात मिळालेलं क्रॅक, म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर. ते बसवताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तिथेच ओळखावं. नवं मशीन लगेच परवडत नसेल तर निदान जुन्या मशीनवर बँकेचे व्यवहार आणि ईमेल करू नका.

आता दुसऱ्यांच्या कागदांविषयी, कारण मला खरी अस्वस्थता तिथे वाटते. माझ्या यादीतल्या त्या झेरॉक्सच्या दुकानात रिटर्नसाठी एक फाइल शोधताना मी ‘डाऊनलोड्स’ फोल्डर उघडलं. आधार कार्डं, पॅन, जातीचे दाखले, मार्कशीट, पासबुकाचं पहिलं पान, एका मुलीचं पूर्ण भरलेलं होस्टेलचं फॉर्म, घरचा पत्ता आणि वडिलांच्या मोबाइलसकट. लोक व्हॉट्सअॅपवर पाठवतात, प्रिंट घेतात, निघून जातात. फाइल तिथेच राहते. त्याच कॉम्प्युटरवर बसून गिऱ्हाईक स्वतःचे फॉर्म भरतात. दुकानदार सरळ माणूस आहे, त्याच्या मनात काही नाही. मी म्हटलं, हे रोज काढायला हवं. तो म्हणाला, ‘काहून एवढं टेन्शन घेता मॅडम, मी थोडीच कोणाला देऊन राहिलो?’ पण त्या कागदांवर नवं सिम किंवा कर्ज काढू पाहणाऱ्याला ते दुकानदाराने देण्याची गरजच नाही, पेनड्राइव्ह लावायला दोन मिनिटं पुरतात. त्या दिवशी आम्ही विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज सेन्स’ चालू केलं. न उघडलेल्या डाऊनलोड फाइली आणि रिसायकल बिन ठरावीक दिवसांनी आपोआप साफ होतात. सर्वांत कमी मुदत एक दिवसाची आहे, तीच ठेवली. दुकान बंद करताना व्हॉट्सअॅप वेब लॉगआउट करायचं, हेही भिंतीवर लिहून लावलं.

दुकानात नोकर ठेवताना, उधारी देताना, घरगुती हप्त्यावर वस्तू देताना आपण सगळे आधारची प्रत मागतो आणि फायलीत लावतो. शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड’ आधार यूआयडीएआय या आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून मोफत मिळतं, बहुतेक कामाला ते पुरतं. आणि बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्येच सांगितलेलं आहे. गिऱ्हाइकाने नको म्हटलं तर नको.

डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. बहुतांश बंधनं नियम आल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. व्यक्तीची माहिती जपण्यासाठी वाजवी काळजी घेतली नाही तर जास्तीत जास्त २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. हा आकडा ऐकून बाजारात दोन प्रकारची माणसं दिसतात. एक घाबरून महागडं पॅकेज विकत घेतात, दुसरे ‘हे कंपन्यांसाठी आहे’ म्हणून सोडून देतात. दंड ठरवताना चुकीचं गांभीर्य आणि स्वरूप बघितलं जाणार आहे, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. पण कॉम्प्युटरमध्ये गिऱ्हाइकांची नावं-नंबर ठेवणारा दुकानदार या कायद्याच्या बाहेर आहे असं समजू नये. कोणाची कोणती माहिती कशासाठी घेतली, ती कुठे आहे आणि कधी काढून टाकणार, एवढं एका वहीत लिहायला सुरुवात केली तरी बराच रस्ता कापला जाईल.

आणि फसवणूक झालीच, तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. नातेवाइकांना, ओळखीच्या पोलिसाला, बँकेतल्या मित्राला नंतर. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, तिथे तास मोजले जातात. हा नंबर गल्ल्यावर चिकटवून ठेवा, नोकरांनाही दिसेल असा.

व्यापारी संघटनांना माझी विनंती आहे की मे २०२७ ची वाट न बघता बाजार बंद असण्याच्या दिवशी इतवारीत एक बैठक घ्यावी. व्याख्यान नको. प्रत्येकाने आपला मोबाइल घेऊन यावं आणि जीएसटी, ई-वे बिल, बँक, यूपीआय अशा प्रत्येक ठिकाणी कोणाचा नंबर नोंदवलाय ते तिथल्या तिथे तपासावं. आमच्या क्षेत्रातल्या कर सल्लागारांनी आणि अकाउंटंटनी आपल्याकडे असलेल्या पासवर्डची यादी करून ज्याची त्याला परत द्यावी. आणि आपणास विनंती की जीएसटी पोर्टलवरचा ईमेल-मोबाइल बदलण्याची रीत, लॉगिन असताना आणि नसताना, एका चौकटीत मोठ्या अक्षरांत छापावी. बाजारात सकाळी दुकान उघडल्यावर आपला अंक वाचला जातो, पोर्टलवरच्या सूचना कोणी वाचत नाही.

आपली वाचक,
एक अकाउंटंट,
महाल, नागपूर