पॉलिशची प्रत अहवालात नोंदवली जावी

महोदय,

धातू आणि खनिजांचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यापूर्वी घासून आरशासारखा गुळगुळीत करतात; तपासणीच्या अहवालांत या पॉलिशविषयी बहुधा ‘समाधानकारक’ एवढाच शेरा असतो. कित्येकदा तोही नसतो. व्हीएनआयटीचा धातुशास्त्र विभाग, इंडियन ब्युरो ऑफ माइन्स आणि मँगनीज खाणींची सरकारी कंपनी मॉयल हिचे मुख्यालय ज्या नागपुरात आहे, तिथे तरी ही उणीव राहू नये.

बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, उदाहरण घ्या. त्यातील ग्रॅफाइटच्या (कार्बनच्या) पाकळ्या, एरवी धातूची रचना उठून दिसावी म्हणून लावतात ते अम्ल न लावता, नुसत्या पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर शंभरपट मोठ्या करून पाहतात. घासताना ग्रॅफाइट उपटले गेले, तर मागे राहिलेला खड्डा मऊ, केसाळ कापडावर पॉलिश करताना रुंदावतो आणि त्याच्या कडा गोलावतात. शाबूत ग्रॅफाइट करडे दिसते, खड्डा काळाभोर. उघड्या डोळ्यांना मात्र ग्रॅफाइट शाबूत असलेला आणि उपटलेला, दोन्ही नमुने सारखेच चकचकीत. हा फरक न नोंदवता, खड्ड्यांनाच ग्रॅफाइट समजून ओतकाम नापास ठरवले, तर दोष भट्टीचा की पॉलिशचा, हे हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या कारखानदाराला कसे कळावे?

मनसर, डोंगरी बुजुर्गच्या खाणींतल्या मँगनीज खनिजात प्रश्न अधिक नाजूक होतो. त्यातील ब्राउनाइट हे खनिज कठीण असते आणि पायरोल्युसाइट हे पुष्कळदा मऊ, त्यामुळे पॉलिश लांबले की मऊ खनिज जास्त झिजून दोहोंच्या सीमेवर पायरी तयार होते. फोकस किंचित हलवला की तिथली उजळ रेषा सरकते आणि कोणते खनिज कठीण, हे त्यावरून ओळखता येते. म्हणजे खनिज ओळखणाऱ्याला ही पायरी उपयोगीच पडते. खनिजावरून प्रकाश किती परत फिरतो ते (परावर्तन) मोजणाऱ्याला किंवा इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबवर, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून, रासायनिक विश्लेषण करणाऱ्याला मात्र सपाट पृष्ठभाग लागतो, म्हणून तीच पायरी चालत नाही. पॉलिश कोणत्या कामासाठी केले हे सांगितल्याशिवाय त्याला चांगले किंवा वाईट म्हणणे मला अशास्त्रीय वाटते.

तेव्हा प्रयोगशाळांनी शेवटचे पॉलिश 1 मायक्रॉन कणांच्या डायमंड पेस्टवर झाले की कोलायडल सिलिकावर (द्रवात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म सिलिकाकणांवर), ओरखडे किती वर्धनाला दिसतात, कण उपटले गेले आहेत का, कडा गोलावल्या आहेत का आणि पॉलिशची पूड पृष्ठभागात रुतली आहे का, हे चार ओळींत लिहावे आणि अम्ल लावण्यापूर्वीचे छायाचित्र मोजपट्टीसह जोडावे. महाविद्यालयांनीही प्रात्यक्षिक परीक्षेत या नोंदीला स्वतंत्र गुण ठेवावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
धातुपरीक्षण क्षेत्रातील एक वाचक, नागपूर