परिचारिकांच्या ऑनलाइन कोर्सबाबत तक्रार : पैसे परत करा, पण सर्पदंशाचा धडा आधी दुरुस्त करा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
परिचारिका निरंतर शिक्षण विभाग

विषय : मान्यता नसलेले प्रमाणपत्र, न झालेली नागपूरची कार्यशाळा आणि सर्पदंशाच्या पाठातली घातक चूक याबद्दल.

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात एका खाजगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून नोकरीला लागले त्याला चौदा वर्षे झाली. गेल्या जूनमध्ये तुमचा एक वर्षाचा कोर्स मी घेतला. फी ₹६,८००, दोन हप्त्यांत, फोनवरून भरली. महिन्याला साडेचौदा हजार पगार असलेल्या बाईचे हे पैसे आहेत. तुमच्या कस्टमर केअरला तीन वेळा फोन केला, चार ईमेल पाठवले. प्रत्येक वेळी तिकीट नंबर आला आणि दोन दिवसांनी 'तक्रार निकाली काढली' असा मेसेज आला. काय निकाली काढले ते कोणी सांगितले नाही. म्हणून आता कागदावर सविस्तर लिहून स्पीड पोस्टाने पाठवते आहे.

आम्हा परिचारिकांना दर पाच वर्षांनी राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी पाच वर्षांत १५० तासांचे निरंतर शिक्षण दाखवावे लागते. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरांना बाळंतपणाचे २१ दिवसांचे एसबीए ट्रेनिंग खात्याकडून मिळते, नवजात बाळाचे दोन दिवसांचे ट्रेनिंग मिळते. त्यांना ते मिळते याचा मला आनंदच आहे. आमच्यासारख्या खाजगीतल्या बायकांना मात्र ते तास स्वतःच्या पदराला खार लावून आणि नाइट ड्युटीनंतरची झोप मोडून पुरे करावे लागतात. तुमच्या जाहिरातीत ठळक अक्षरात लिहिले होते : 'परिषदमान्य, १५० तास, घरबसल्या, एकाच फीमध्ये.' भरण्याआधी मी फोन करून मुद्दाम विचारले की महाराष्ट्रात हे तास चालतील का. पलीकडच्या मुलाने 'सगळ्या राज्यांत चालतात, ताई, बिनधास्त भरा' असे सांगितले. त्या बोलण्याचे रेकॉर्डिंग तुमच्याकडे असणार. ते ऐका.

प्रमाणपत्र आले. सोनेरी बॉर्डर आहे, माझे नाव आहे, सही आहे. मान्यता क्रमांक मात्र कुठेच नाही. नूतनीकरणाची कागदपत्रे लावताना मी चौकशी केली तेव्हा कळले की ज्या कार्यक्रमाला परिषदेने आधी मान्यता दिली आहे त्याचेच तास धरले जातात, आणि तसा क्रमांक नसलेल्या कागदाचे शून्य तास होतात. तुम्हाला विचारले तर उत्तर आले की हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे, त्याची किंमत जास्त आहे. कुठे जास्त आहे? मला परदेशात जायचे नाही. मला घाटंजीतच नोकरी करायची आहे आणि त्यासाठी माझी नोंदणी चालू राहायला हवी. तुमच्या अटींच्या नवव्या पानावर, बारीक अक्षरात, 'स्थानिक मान्यता तपासण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची राहील' असे एक वाक्य सापडले. जाहिरातीत 'परिषदमान्य' हातभर मोठे आणि हे वाक्य मुंगीएवढे.

तरीही, नुसते प्रमाणपत्र वाया गेले असते तर मी एवढे लांब पत्र लिहिले नसते. खरी गोष्ट सर्पदंशाच्या पाठाची आहे. ती नीट वाचावी अशी विनंती आहे.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात पहाटे चारच्या सुमाराला एक बाई नऊ वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन आली. 'सिस्टर, रात्री झोपला तवा चांगला होता, आता पोट दुखून रायलं म्हणते. उलटी बी झाली.' घरात सगळे खाली सतरंजीवर झोपले होते. काही चावले का, तर नाही. अंगभर पाहिले, कुठे वण नाही, सूज नाही. ट्रेनिंगच्या काळात एका जुन्या सिस्टरने मला सांगून ठेवले होते की पावसाळ्यात जमिनीवर झोपलेले लेकरू पहाटे पोटदुखी घेऊन आले तर आधी त्याच्या पापण्या पाहा. मी त्याला म्हटले, बाळा, वर पंख्याकडे बघ. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, भुवया वर गेल्या, पापण्या अर्ध्यावरच राहिल्या. मण्यार. तिचा दंश दुखत नाही, वण दिसत नाही, आणि श्वासाचे स्नायू हळूहळू बंद पडत जातात. डॉक्टरांना उठवले, सापाच्या विषावरची लस सुरू केली, १०८ बोलावली. वाटेत त्याचा श्वास थांबायला लागला तेव्हा यवतमाळपर्यंत अँब्युलन्समध्ये मी अँबू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबत गेले. पोरगा काही दिवस व्हेंटिलेटरवर होता. वाचला. आता पाचवीत आहे.

त्या रात्रीनंतर मला झोप येईना. त्या सिस्टरने ते एक वाक्य सांगितले नसते तर? मी पोटदुखीचे इंजेक्शन देऊन त्याला सकाळपर्यंत बाकावर निजवले असते. हे सगळे पद्धतशीर शिकायचे असे मी तेव्हाच ठरवले होते, आणि तुमच्या कोर्सच्या यादीत 'सर्पदंश व विषबाधा : ८ तास' असे वाचूनच मी पैसे भरले.

त्या आठ तासांत काय होते? रॅटलस्नेक. शेपटी वाजवणारा अमेरिकेतला साप, जो भारतात नाही. त्याचे फोटो, त्याच्या विषाची माहिती, अमेरिकेतल्या हेल्पलाइनला फोन कसा करायचा याची माहिती. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारांपैकी एकाचेही नाव मी आठ तासांत ऐकले नाही. आपल्याकडची लस याच चार सापांवर चालते. वीस मिनिटांच्या चाचणीचा उल्लेखही नाही. घोणस किंवा फुरसे चावले असेल तर रक्त गोठत नाही, म्हणून स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करून पाहायची. प्लास्टिकची नळी चालत नाही. लॅब नसलेल्या दवाखान्यात आमच्या हातात एवढी एकच गोष्ट असते.

आणि परीक्षेतला सतरावा प्रश्न. विषारी सर्पदंशात प्रतिविषाची, म्हणजे त्या लसीची, सुरुवातीची मात्रा किती? मी दहा व्हायलवर, म्हणजे दहा कुप्यांवर, टिक केली. उत्तर चूक ठरले. तुमचे बरोबर उत्तर : चार ते सहा. स्पष्टीकरणात लिहिले आहे तो आकडा एका अमेरिकन औषधाचा आहे, तिथल्या सापांसाठी बनवलेल्या. आपल्या लसीचा आणि त्या आकड्याचा काही संबंध नाही. आपल्याकडे विषबाधेची लक्षणे असतील तर सुरुवात आठ ते दहा व्हायलने होते आणि लहान मुलालाही तेवढीच मात्रा द्यावी लागते, कारण साप माणूस पाहून विष कमी सोडत नाही. तुमच्या त्या ओळीवर भरवसा ठेवून एखाद्या नवीन सिस्टरने कुठल्या तरी आडगावात चार व्हायल लावून थांबायचे ठरवले तर काय होईल, याचा विचार तुमच्याकडे कोणी केला आहे का?

पास व्हायला ८० टक्के लागत होते. दुसऱ्या वेळी मी त्या प्रश्नाला चार ते सहावर टिक केली. चूक आहे हे माहीत असून केली, कारण पुन्हा परीक्षा द्यायला ₹४९९ लागतात. ही गोष्ट मला आजही डाचते.

विषबाधेचेही तेच. फवारणीचा शब्द नाही. २०१७ च्या हंगामात आमच्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. घामाने ओला, तोंडातून लाळ, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेला माणूस बैलगाडीतून येतो तेव्हा काय करायचे, त्यावरचे अॅट्रोपिन हे औषध किती वेळाने वाढवायचे, काय दिसले की थांबायचे, त्याचे भिजलेले कपडे आधी का काढायचे, हे यवतमाळच्या नर्सला शिकवणार नाही तर कोणाला शिकवणार?

आता नागपूरच्या कार्यशाळेबद्दल. नवजात बाळाला श्वास देण्याचे एक दिवसाचे प्रात्यक्षिक फीमध्येच होते. बाळ रडले नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत मास्क लावून श्वास द्यायला सुरुवात व्हावी लागते. मास्क नाका-तोंडावर घट्ट बसवायचा, हनुवटी अंगठ्याखाली दबू द्यायची नाही, मिनिटाला चाळीस ते साठ श्वास. बोटांना ते वजन कळायला पुतळ्यावर पन्नास वेळा करून पाहावे लागते, व्हिडिओ कितीही चांगला असला तरी. म्हणून मी दोन नाइट बदलून घेतल्या, मुलीला आईकडे ठेवले आणि पहाटेची एसटी धरली. अर्ध्या तिकिटाची सवलत आहे म्हणून निदान तेवढे परवडले. गणेशपेठ बसस्थानकावर उतरले तेव्हा पावणेदहा वाजले होते आणि फोनवर तुमचा मेसेज होता की काही कारणास्तव कार्यशाळा ऑनलाइन होईल, लिंक सोबत आहे. मी तिथेच बाकावर बसून, गाड्यांच्या आवाजात, कानात इअरफोन घालून दोन तास ती पाहिली. पडद्यावर एक मॅडम पुतळ्यावर करून दाखवत होत्या. माझ्या हातात पाण्याची बाटली होती. प्रमाणपत्रावर तुम्ही 'प्रात्यक्षिक पूर्ण' लिहिले आहे. ते खोटे आहे, आणि ते तुम्ही माझ्या नावापुढे लिहिले आहे.

अॅपबद्दल थोडक्यात सांगते. आमच्याकडे नेटवर्क गच्चीवर येते. व्हिडिओ मध्ये तुटला की सुरुवातीपासून पाहावा लागतो, डाउनलोडची सोय नाही. बारा तासांची नाइट करून आल्यावर चाळीस मिनिटांचा एक धडा मी चार-चार वेळा पाहिला आहे. सगळे इंग्रजीत. मला इंग्रजी वाचता येते, पण आमच्याकडच्या एएनएम, म्हणजे नर्सिंगचा छोटा कोर्स केलेल्या, मुलींना मराठीत समजावले तर दुप्पट लवकर समजते. 'मराठीत उपलब्ध' असे जाहिरातीत होते. मराठीत फक्त फी भरायचे पान आहे.

माझ्या सांगण्यावरून आमच्या दवाखान्यातल्या एका एएनएम मुलीनेही हा कोर्स घेतला. बावीस वर्षांची आहे, वडील ठेक्याने वावर करतात. तिचे ₹६,८०० माझ्या शब्दावर गेले. परवा ड्युटीवर तिने मला विचारले, 'ताई, मग दहा की चार?' सुरुवात दहाने, हे मी तिला वहीत लिहून दिले. कोर्स घेतलेल्या बाकीच्या मुलींना हे कोण सांगणार?

माझे मागणे असे आहे. माझी आणि त्या मुलीची पूर्ण फी, आणि माझा नागपूरचा जाण्यायेण्याचा खर्च ₹५१० परत करा. मान्यता क्रमांक दाखवता येत नसेल तर जाहिरातीतून 'परिषदमान्य' हा शब्द काढा. 'प्रात्यक्षिक पूर्ण' हा शेरा माझ्या प्रमाणपत्रावरून काढा. आणि सर्पदंशाचा पाठ इथल्या सापांवर, इथल्या लसीवर, इथल्या डॉक्टर-नर्सेसकडून नव्याने करून घ्या. विदर्भातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात श्रावण-भाद्रपदात आठवडाभर बसलात तरी पाठाला पुरेल एवढे साहित्य मिळेल. रात्री शेत राखायला जागलीला गेलेला माणूस येतो, शेताची लाइट रात्रीच येते म्हणून अंधारात पिकाला पाणी द्यायला गेलेला येतो, निंदणाला गेलेली बाई येते.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवे आहे. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करीन आणि यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तुमच्या अटींत वाद तुमच्याच शहरात चालेल असे लिहिले आहे, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि एवढ्या रकमेला आयोगाची फी लागत नाही. पावत्या, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, सतराव्या प्रश्नाचा फोटो आणि एसटीची तिकिटे जोडली आहेत.

पैशांसाठी पंधरा दिवस थांबेन. सतरावा प्रश्न मात्र आजच काढा, आणि ज्यांनी ज्यांनी ती परीक्षा दिली आहे त्या सगळ्यांना चार ते सहा हे उत्तर चुकीचे होते असा मेसेज आजच पाठवा. इकडे पाऊस सुरू झाला आहे.

आपली,
स्टाफ नर्स, तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ