हिस्पॅनिक मतं म्हणजे एक गठ्ठा नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतली निवडणूक आली की हिस्पॅनिक, म्हणजे मूळ स्पॅनिश भाषिक देशांतल्या लोकांची, मतं कुणाच्या पारड्यात पडणार अशा बातम्या येतात आणि त्या वाचताना वाटतं की हे सगळे एकाच घरातले लोक आहेत. मायामीतले क्युबन वेगळे, टेक्सासच्या सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे मेक्सिकन वेगळे, आणि प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटाचे लोक तर १९१७ पासून अमेरिकेचे नागरिकच आहेत, तरी बेटावर राहत असतील तर राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येत नाही, तेच न्यूयॉर्कला राहायला गेले की देता येतं! हे कोणी सांगतच नाही.

म्हणून माझी विनंती आहे की पक्षांच्या प्रवक्त्यांपेक्षा प्यू रिसर्च सेंटरसारख्या कुठल्याही पक्षाच्या नसलेल्या संस्थांचे आकडे जास्त छापा. २०२० च्या जनगणनेत हिस्पॅनिक लोक ६ कोटी २१ लाख भरले, २०१० ला ५ कोटी ५ लाख होते, म्हणजे त्या दहा वर्षांत देशाची जी लोकसंख्या वाढली त्यातली निम्म्याहून जास्त यांचीच. आणि ही वाढ बाहेरून येणाऱ्यांमुळे कमी आणि तिथेच जन्मलेल्या मुलांमुळे जास्त आहे. ही मुलं दरवर्षी अठरा पूर्ण करतात आणि मतदार होतात. २०२४ ला मतदानाला पात्र असे साधारण ३ कोटी ६२ लाख हिस्पॅनिक लोक होते, असा प्यूचाच अंदाज.

मोजणं सोपं नाही हेही लिहा ना. १९७० च्या जनगणनेत काही घरांना मूळ विचारताना "मध्य किंवा दक्षिण अमेरिका" असा पर्याय दिला, तर अमेरिकेच्याच मध्य आणि दक्षिण भागातल्या बऱ्याच लोकांनी त्यावर खूण केली. २०२० ला तर जवळपास ५ टक्के हिस्पॅनिक मोजायचे राहूनच गेले, आणि हे खुद्द जनगणना खात्यानेच नंतर पडताळणी करून जाहीर केलं, याचं मला फार कौतुक वाटतं. पण याच मोजणीवर कुठल्या राज्याला संसदेत किती जागा ते ठरतं, सरकारी पैसा वाटला जातो, मग राहून गेलेल्या माणसांचं नुकसान पुढची दहा वर्षं चालूच राहतं.

पुढच्या वेळी "हिस्पॅनिक मतदार" असं हेडिंग देताना निदान कोणते, कुठल्या राज्यातले, एवढं तरी खाली द्या.

आपला,
एक नियमित वाचक