कॉटखालची मोटार

जालना,
रविवार, दुपार

प्रिय गड्या,

सलाम. हसू नको, आमच्या चर्चवाल्यांत भेटल्यावर सलामच म्हणतात. दहावीत तू पहिल्यांदा आमच्या घरी आलास तेव्हा पास्टरसाहेब बसले होते. आई म्हणाली, “सलाम कर त्यांना,” आणि तू माझ्या कानात विचारलंस, “कामून रे, तुम्ही नेमके कोण?” तुझ्या हिशेबात ख्रिश्चन म्हणजे गुड मॉर्निंग. ते अजून संपलेलं नाही. रमजानात किराणा दुकानात उभा होतो, चर्चच्या सेक्रेटरींचा फोन आला, मी “सलाम साहेब” म्हणालो, तर गल्ल्यावरच्या नव्या पोरानं न विचारता मला खजुराचा भाव सांगितला. अर्धा किलो घेतला. चांगला निघाला.

तू फोनवर विचारलंस, देवाधर्माचं काय चाललंय. मी “बरं चाललंय” म्हणून वेळ मारून नेली, कारण बायको शेजारीच बसली होती आणि गोष्ट तशी लांब आहे. आता निवांत लिहितो.

तुमच्या पुण्यात नळ रोज येतो, म्हणून आधी पाण्याचं सांगावं लागेल. आमच्या गल्लीत यंदा दहाव्या-बाराव्या दिवशी पाणी येतंय. घाणेवाडीचं तळं निजामाच्या काळातलं, ते उन्हाळ्यात पार तळाला जातं. जायकवाडीचं पाणी पैठणहून येतं, म्हणजे पाइप धड असला आणि वीज असली तर येतं. दिवस ठरलेला नाही, वेळ तर नाहीच. प्रभूच्या येण्याबद्दल मत्तयात लिहिलंय ना, त्या दिवसाविषयी आणि त्या घटकेविषयी कोणालाच ठाऊक नाही, म्हणून जागे राहा. संडे स्कूलमध्ये हे वचन मी पाठ करून बक्षीस घेतलं होतं, पण अर्थ गल्लीचं पाणी सोडणाऱ्या वॉलमननं शिकवला.

तर तीन आठवड्यांपूर्वीचा रविवार. पास्टरसाहेबांनी योहानाचा चौथा अध्याय घेतला होता, शोमरोनी बाई आणि याकोबाची विहीर. आमच्याकडं अजून बाया एका बाजूला आणि पुरुष एका बाजूला बसतात, तुला आठवत असेल. (या दोन बाजूंपायी गेल्या हंगामाच्या सणाला काय झालं ते मध्येच सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. लोक शेतातलं, परसातलं काहीबाही आणून वेदीपुढं ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. आमच्या धाकट्या काकांनी एका भोपळ्यावर बोली लावली, पन्नास. बायांच्या बाजूनं कोणीतरी साठ म्हणालं. काका सत्तर, तिकडून ऐंशी. काका इरेला पेटले. साडेचारशेला भोपळा काकांचा झाला. तो उचलायला उठले तेव्हा कळलं, समोरून बोलत होती ती काकू. खजिनदारांना हे दोनशेलाच कळलं होतं, त्यांनी मान खाली घालून पावतीपुस्तक चाळत बसणं पसंत केलं. भोपळा आठ दिवस घरात कोणी चिरला नाही.)

हां, तर पास्टरसाहेब रंगात आले होते. भर दुपार, प्रभू थकून विहिरीवर बसलेला, त्याच्याकडं ना दोर ना पोहरा, आणि तो त्या बाईला म्हणतो, मला प्यायला दे. यहूदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, आणि इथं यहूदी माणूस शोमरोन्याच्या हातचं पाणी मागतो, हे केवढं मोठं आहे, असं ते डोळे मिटून सांगत होते. ‘जिवंत पाणी’ या शब्दापर्यंत आले आणि बायांच्या बाजूला एक फोन थरथरला. मग दुसरा. मग सगळेच. गल्लीच्या ग्रुपवर एकच ओळ: पाणी यायलंय.

आधी एक मावशी उठल्या, तोंडाला पदर लावून, जणू खोकला अनावर झालाय. मागोमाग दुसऱ्या. तिसऱ्या उठल्या तेव्हा खोकल्याचं सोंगही उरलं नव्हतं, चपला शोधताना आवाज व्हायला लागला. पेटी वाजवणारी मुलगी गेली. पास्टरसाहेबांनी डोळे उघडले तर अर्धी बाजू रिकामी. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “वचनात ती बाई घागर टाकून गावात गेली. आमच्या बाया वचन टाकून घागरीकडं गेल्या.” सगळे हसले. मग त्यांनी हळूच घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “शेवटच्या गीताचं आपण एकच कडवं म्हणू.” त्यांचं घर त्याच लाइनीवर आहे.

मी मात्र जागचा हललो नाही. शेजारचे काका माझ्याकडं कौतुकानं बघत होते, बघा, याला म्हणतात भक्ती. कसली भक्ती, गड्या. घरी मोटार होती.

अर्ध्या एचपीची, थेट नळाच्या तोंडाला जोडलेली. आई गुडघ्यांमुळं घरीच असते, तेवढं बटन तिला दाबता येतं. आईला वाटायचं, मोटार हौदातलं पाणी वरच्या टाकीत चढवते. तिला मी खरं सांगितलं नव्हतं. अशी मोटार लाइनीतलं पाणी ओढून घेते आणि पुढच्या घरांना फक्त हवा जाते. पथक आलं तर जप्त करतं, त्यामुळं आमच्या गल्लीत मोटार बऱ्याच जणांकडं आहे आणि कोणाकडंच नाही.

घरी येऊन जेवायला बसणार तेवढ्यात टोकाच्या घरातली खाला दारात. हातात रिकामी कळशी. “बेटा, तुम्हारे यहाँ पानी आया क्या? हमारे नल को तो खाली हवा आ री.” आत मोटार घरघरत होती. तिला ऐकू कमी येतं म्हणून वाचलो. लगबगीनं बादली भरून आणली, उंबऱ्याशीच तिची कळशी भरली, कळशी पोचवून परत आली तेव्हा आणखी एक भरली. “अल्ला तेरे घर में बरकत दे,” म्हणून गेली. तिच्याच वाटणीचं पाणी तिला देऊन मी दुआ कमावली. सकाळी चर्चमध्ये दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, टाकला होता, दुपारी पाण्याचाही झाला.

आई हे सगळं कॉटवर बसून बघत होती. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी तिनं आजीचा विषय काढला. बेथेल तुला आठवतं ना, आपण सायकलींवर गेलो होतो? नारायण शेषाद्रींनी वसवलेलं गाव. मूळचा ब्राह्मण माणूस, 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, मग जालन्याकडं येऊन मांगवाड्या-महारवाड्यांतल्या माणसांना घेऊन गाव उभं केलं आणि याकोबाच्या गोष्टीतलं नाव दिलं, बेथेल, देवाचं घर. आजीचे आईवडील तिथं आलेले. आई म्हणाली, “सासूबाई सांगायच्या, त्यांच्या आईला जुन्या गावात विहिरीच्या कठड्याला हात लावू देत नव्हते. घागर खाली ठेवून लांब उभं राहायचं. कोणाला दया आली तर वरून ओतणार, तेही हात लांब करून. बेथेलात आल्यावर तिनं स्वतः पोहरा सोडला तर म्हणे हात थरथरत होता, अर्धं पाणी सांडलं.”

मी हं म्हणालो.

“खालाला तू आज उंबऱ्याबाहेरच पाणी दिलंस. इतकी वर्षं ती आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येते. आत का नाही बोलावलंस?”

काय सांगणार? आत आली असती तर मोटार दिसली असती. शेवटी तेच सांगितलं. आई काही बोलली नाही. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला आणि “प्रार्थना करू” म्हणाली. त्यापेक्षा दोन शिव्या बऱ्या होत्या.

प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ इथं आईच्या आवाजात नेहमी थोडं हसू येतं, ते त्या दिवशीही आलं, म्हणून जरा सुटलो. कारण तुला माहीत नसेल. 1972 च्या दुष्काळात आईबाबांचं नुकतंच लग्न झालेलं. दोघं खडी फोडायला जायचे, खायला सुकडी आणि अमेरिकेहून आलेली मिलो ज्वारी. त्या मिलोची भाकर लालभडक, थापताना चिरफळ्या उडायच्या. बाबा ताटाकडं बघून म्हणाले होते, “आपली चूक झाली. भाकर मागितली, रंग सांगितला नाही.” बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या ओळीला घरात अजून ते बसलेले असतात. आता ज्वारी गव्हाच्या वर भाव खाते, आईला डॉक्टरांनी भाकरीच खायला सांगितलंय, आणि शाळूची पांढरीशुभ्र भाकर मोडताना ती दर दोन दिवसांनी म्हणते, “आता कुठं रंग बरोबर आलाय.”

सोमवारी पान्हा घेऊन मोटार काढली. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “करा प्रीती शेजाऱ्यावर. धुणं मला धुवायचंय.” तिचं चूक नाही. आधी तासाभरात हौद भरायचा, आता पाणी आलं की तीन तास करंगळीएवढ्या धारेखाली बादल्या लावत बसावं लागतं. मागच्या खेपेला पाणी पहाटे पावणेतीनला आलं. मी बनियनवर ओट्यावर बसलो होतो आणि डोक्यात तेविसावं स्तोत्र, ‘तो मला संथ पाण्यावर नेतो’. संथ म्हणजे किती संथ, ते दाविदानं लिहून ठेवलेलं नाही. खालाच्या नळाला धार आली का विचारशील तर आली, बारीक. गल्लीत मोटार काही माझी एकट्याचीच नव्हती.

आणि खरी पंचाईत आता सुरू झालीय. परवा समोरचे सर आले, चहा घेतला आणि म्हणाले, “तुमची मोटार पडूनच आहे म्हणे. आमची जळाली. देता का उन्हाळाभर?” आता सांग. डोंगरावरच्या प्रवचनात स्पष्ट आहे, जो तुझ्याजवळ मागतो त्याला दे. न द्यावी तर वचन मोडतं, द्यावी तर खालाची धार तुटते. पास्टरसाहेबांना विचारलं. ते बराच वेळ विचारात पडले, मग म्हणाले, “किती एचपीची आहे?” लगेच “गंमत केली हो” म्हणाले. निम्मीच गंमत असावी, असा माझा अंदाज.

सरांना “बघून सांगतो” म्हणालोय. ते उद्या परत येणार आहेत. मोटार सध्या आईच्या कॉटखाली आहे, नाताळच्या चांदणीच्या खोक्याला टेकवून. जागा आईनंच सांगितली. ती त्या कॉटवरून उठत नाही, हा सरांसाठी माझ्याकडं एकच मजबूत मुद्दा आहे.

तू जूनमध्ये येतोस ना? येताना तुझ्या काकांचा पखवाज घेऊन ये, ते देत असतील तर. आमच्या तबलेवाल्याची बदली झाली आणि आमच्या ख्रिस्ती कवी टिळकांची भजनं नुसत्या पेटीवर फार कोरडी वाटतात. गेल्या वेळी काकांनी ऐकून विचारलं होतं, “ही चाल तर आमचीच आहे, तुमच्याकडं कशी?” त्यांना सांग, नारायण वामन टिळक स्वतःच म्हणायचे, मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो. त्यावर काका म्हणतील, मग टोल कोणाला दिला. म्हणू दे, पखवाज तेवढा घेऊन ये.

अंघोळ मात्र पुण्यातूनच करून निघ.

तुझाच,
मधल्या बाकावरचा